चिखल न लागलेला पाणबुड्या

नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी, सकाळी सव्वादहाला, पनवेलजवळच्या खाडीत एका पाणबुड्याचा जीव घेतला गेला. उरणकडच्या कोळीवाड्यातला चौतीस वर्षांचा माणूस. पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर, म्हणून तो एका ठेकेदाराकडे कामाला होता. कारखान्याचा सांडपाण्याचा पाइप खाडीत जिथे सुटतो, तिथे खाली उतरून गाळ काढायचा. मी तेव्हा तिथल्या ठाण्यात उपनिरीक्षक होतो. पुढे सात वर्षांतच वर्दी उतरवली, आता हे सांगणारी पत्रकं वाटतो.

ठेकेदार स्वतःच खबर द्यायला आला. म्हणाला, "आज सुट्टी होती. खेकडे धरायला गेला, गाळात रुतला." मृतदेह काठावर होता, अंगात बनियन आणि हाफपँट, बाजूला जाळं. मी पंचनाम्यात लिहिलं, 'अंग स्वच्छ, कमरेखाली कातडी लाल.' आकस्मिक मृत्यूची नोंद केली आणि चहा प्यायला गेलो. हे लपवण्यात अर्थ नाही.

दुपारी शवागाराबाहेर त्याच्या बायकोने मला अडवलं.

"सायब, तुमी कवा खाडीत उतरलाव काय?"

"नाही."

"मंग इचारा कुनाला तरी. खाडीतून मानूस येतो तवा नखात, कानात चिखल असतो. याच्या केसांना साबनाचा वास हाय. मेलेला मानूस आंगोळ करून आला काय?"

खेकड्यांची गोष्ट कागदावर राहिली असती, तर तो स्वतःच्या चुकीने मेला असं कायमचं ठरलं असतं. आणि पौर्णिमेनंतर त्याच पाइपात दुसरा कोणी उतरला असता.

पाणबुड्याची दोरी धरायला एक वयस्क माणूस असायचा, नात्याने त्याचा मामा. त्याला ठाण्यात बोलावलं. "मी घरी व्हतो," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. आमचा हवालदार आवाज चढवू लागला, त्याला मी बाहेर पाठवलं. मृत्यूचा विषयच सोडला आणि विचारलं, "मामा, पाणबुड्या घाण पाण्यातून वर आला की काय करता?"

कामाचं विचारल्यावर माणूस मोकळा होतो. "आदी होजच्या नळीनं गोडं पानी मारायचं. मंग साबन, बरश. पार टाचंपावेतो. डोक्यावरची बंद टोपी सगल्यात शेवटी काडायची, नायतर वरची घान नाकातोंडात जाते. ठेकेदाराला काय म्हाईत? भाच्यानंच शिकवलं आमाला."

"त्या दिवशीही धुतलंत?"



"हातांना सवय, सायब. दोरीला झटके आले, मी वडला. पानी बंद केलंय, असं सांगितलेलं, ते मधीच सुटलं. कडक पानी, कातडी जालनारं. त्याचा रबरी सूट मांडीला आदीच फाटलेला, सायकलच्या ट्यूबचं ठिगल. आत भरलं, पार टोपीपावेतो. वर घेतला आन आमी धुवाया लागलो, नेमापरमानं. टोपी शेवटी काडली." मग त्याने मला विचारलं, "धुताना तो जिता व्हता काय?"

ते आजही कुणाला माहीत नाही.

पुढचं मामानेच सांगितलं. ठेकेदाराने सूट काढायला लावला, पुन्हा अंग धुवायला लावलं, जाळं आणून ठेवलं आणि तोंड उघडलं तर काम जाईल म्हणून दम दिला. ठिगळ लावलेला सूट कळंबोलीच्या एका गोदामात सापडला. शवविच्छेदनात फुप्फुसात रसायन निघालं, खाडीचं पाणी नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा आणि पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा नोंदवला. ठेकेदाराला अटक झाली. माणूस खाली असताना पाइपाची झडप उघडायला सांगणाऱ्या कारखाना-व्यवस्थापकाचं नाव मात्र दोषारोपपत्रातून गळलं. मी लिहिलं होतं. वरून खोडलं गेलं. त्यानंतर वर्दी अंगावर नकोशी झाली.

तपास कसा करायचा हे मी पोलीस प्रबोधिनीत शिकलो होतो. कुणाचं ऐकायचं, हे त्या बाईने शिकवलं. सांडपाण्यात उतरणारे स्वतःच्या जिवाचे नियम स्वतः बनवतात आणि शेवटपर्यंत पाळतात. नियम मोडतात ते वर कोरडे उभे असलेले.

खारघरच्या टॉवरमधून तुम्हाला खाडी दिसते. ऑफिसला जाताना कुठे नाल्यावर, पाइपावर दोरी धरलेली माणसं दिसली तर गाडी थांबवा. विचारा, झडप कोणी बंद केली आणि तिथे आत्ता कोण उभं आहे. उत्तर मिळेपर्यंत माणूस खाली जाऊ देऊ नका. उशीर झाला तर होऊ द्या.