लोंढेबाईंचे लाल पेन

आठवीच्या पहिल्या दिवशी श्रीमती वत्सला लोंढे वर्गात आल्या आणि त्यांनी आमची नावे विचारली नाहीत. त्या म्हणाल्या, "स्वतःचं नाव कुणीही सांगतं. शेजारच्याचं नाव सांगा, आणि त्याला स्वतःला माहीत नसलेली त्याची एक गोष्ट सांगा."

माझ्या शेजारी मुक्ता बसली होती. ती उठून म्हणाली, "ही लता. ही बोलायच्या आधी येक वेनी पुढं घेती." वर्ग हसला. मी वेणी मागे टाकली, आणि बोलायला उठले तेव्हा ती पुन्हा पुढे होती. मुक्ताबद्दल मला तिच्या नावापलीकडे काही सांगता आले नाही. बाईंनी मला खाली बसवले आणि म्हणाल्या, "हरकत नाही. तीन वर्षं आहेत."

शेवगावच्या पूर्वेला आमचे हायस्कूल होते. बाई तिथे मराठी शिकवत. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या अध्यापनावर अधिकाराने लिहिणारे अनेक जण आहेत. गौरवसमितीने मला विषय दिला आहे तो 'ओळखी'चा. दहावीच्या निरोप समारंभात बाई प्रत्येक विद्यार्थ्याची दहा-बारा ओळींची ओळख वाचायला लावत. ती लिहायची वर्गातल्याच कुणीतरी. नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याची चिठ्ठी येईल त्याच्यावर लिहायचे. हसू आले पाहिजे, आणि ज्याच्यावर लिहिले त्याला घरी जाऊन ती आईला वाचून दाखवावीशी वाटली पाहिजे, एवढी अपेक्षा असे.

नियम दोनच. ज्याच्यावर लिहायचे त्याच्या घरी एकदा तरी जाऊन यायचे. आणि लिहून झाल्यावर कागद आधी त्यालाच दाखवायचा, सोबत बाईंचे लाल पेन द्यायचे. त्याला नको असेल ती ओळ त्याने खोडायची. का खोडली, हे विचारायचे नाही.

आमच्या वर्गातल्या भानुदासची ओळख अजून अनेकांना पाठ आहे. "भानुदासची सायकल रोज शाळेत येते, कधीकधी भानुदासही येतो. या सायकलला ब्रेक नाहीत. थांबायचे असेल तेव्हा तो मुख्याध्यापकांच्या दिशेने वळवतो, मग ते थांबवतात." भानुदासने यातले काहीच खोडले नाही. त्याने खोडली ती शेवटची ओळ, ज्यात तो सकाळी आईला हापशावरून पाणी आणून देतो असे लिहिले होते. बाईंनी तो कागद पाहिला आणि पुष्कळ वेळ हसत राहिल्या. "दरवर्षी हेच," त्या म्हणाल्या. "टिंगल राहू देतात आणि कौतुक खोडतात."

सगळेच बाईंच्या या उपक्रमाविषयी लिहितात. आमच्यानंतर तो बंद झाला, हेही लिहितात, आणि नव्या मुख्याध्यापकांना तो आवडत नव्हता असे कारण देतात. ते कारण खरे नाही. खरे कारण मला ठाऊक आहे, कारण ते मी आहे. गौरवलेखात लेखकाने स्वतःविषयी बोलू नये, हे मला कळते. पण बाईंचा मोठेपणा या प्रसंगात जसा दिसतो तसा दुसऱ्या कुठल्याही प्रसंगात मला दिसलेला नाही, आणि माझी चूक वगळून तो सांगता येत नाही. मी पुष्कळ प्रयत्न करून पाहिला.

दहावीत मला मुक्ताची चिठ्ठी आली. मुक्ताचे आईवडील ऊसतोडीला जात. दिवाळी झाली की अर्धे गाव कोयते बांधून कारखान्यांकडे निघे. मुक्ताही जाई. बाई तिच्यासाठी धड्यांच्या टिपणांची पाकिटे कुणाकुणाच्या हाती पाठवत. त्या वर्षी ती फेब्रुवारीत हॉल तिकीट घ्यायला येणार होती आणि परीक्षेपुरती गावात मामाकडे राहणार होती. तिच्या घराला कुलूप होते. मामाचे घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. मी तिथेही गेले नाही. बसल्याबसल्या ओळख लिहिली, आणि ती मला फार आवडली.

"मुक्ता इतकी शांत आहे, की ती वर्गात नसली तरी कुणाला कळत नाही. हजेरीत तिचे नाव आले की सगळा वर्ग एका सुरात 'गैरहजर' म्हणतो. आमच्या वर्गात एवढी एकी दुसऱ्या कशानेही झालेली नाही. तिला शाळेपेक्षा ऊस गोड लागतो."

समारंभाच्या आदल्या दिवशी बाईंनी कागद पाहिला.

"मुक्ताला दाखवलंस?"

"हो बाई. मामाकडं पाठवला होता. तिला पोचला."

"एकही लाल रेघ नाही?"

"नाही बाई. तिला सगळं आवडलं."

बाईंनी कागद परत दिला. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यात त्यांची चूक होती असे मला वाटत नाही. त्यांना मात्र वाटत आले.

दुसऱ्या दिवशी मी ती ओळख वाचली. खूप हसले सगळे. ज्यांचे स्वतःचे आईबाप त्या वेळी उसाच्या फडात होते, तेही हसले. शेवटच्या ओळीवर टाळ्या पडल्या, मी मान वर केली, आणि मुक्ता दारात उभी होती. एसटीतून उतरून सरळ आली होती, हातात वायरची पिशवी. तिने शेवटपर्यंत ऐकले होते. ती पुढे आली, बाईंकडून हॉल तिकीट घेतले, वाकून नमस्कार केला आणि निघून गेली. बाईंनी माझ्या हातातला कागद घेतला आणि तिच्यामागे स्टँडपर्यंत चालत गेल्या. गाडी निघाली होती.

मार्चमध्ये मुक्ता परीक्षेला बसली नाही. पुढच्या वर्षी ओळखी झाल्या नाहीत.

मला बाई एका शब्दाने काही बोलल्या नाहीत. निकालानंतर जूनमध्ये पेढे द्यायला गेले, तर त्यांनी मला एक जाड रोजनिशी दिली. "रोज लिही," म्हणाल्या. "ज्या दिवशी खरं लिहिता येणार नाही, त्या दिवशी नुसती तारीख घाल आणि पान कोरं सोड." सल्ला मला आवडला. तीस वर्षे तो पाळते आहे. नगरच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करताना, संसार करताना, कोरी पाने पुष्कळ सुटली. त्या समारंभाविषयी तर मी एक ओळही कधी लिहिली नाही.

हा लेख लिहायचे ठरले तेव्हा मी बाईंना फोन केला आणि मजकूर आधी दाखवू का, असे विचारले. त्या म्हणाल्या, "अजिबात नको. माझ्या हातात लाल पेन दिलंत तर मी अख्खा ग्रंथ खोडीन." मग दाखवायचा कुणाला, हे उघड होते. लेखात मुक्ता होती. मी दुकानातून लाल पेन घेतले आणि कर्जतच्या गाडीत बसले. कर्जतच्या अलीकडे एका गावात मुक्ता दिलेली आहे. ती तिथे अंगणवाडी सेविका आहे, एवढे मला भानुदासकडून कळले होते.

दुपारी मुले गेली होती. मुक्ता पातेली घासून पालथी घालत होती. मला बघून तिने पदराला हात पुसले.

"लता ना गं तू? अगं बया. वेनी कापली व्हय?"

मी लेखाचा कागद आणि पेन तिच्यापुढे ठेवले. काय बोलायचे ते गाडीत ठरवले होते, त्यातले काही आठवेना. मी म्हटले, "मुक्ता, तुला तो कागद मी कधी पाठवलाच नव्हता. बाईंना मी खोटं सांगितलं होतं."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "मला कागद आला न्हाई, हे मला ठाव नसंल तर कुनाला?" आणि हसली. मग म्हणाली, "बाईंना बी ठाव हाय."

मला कळले नाही.

"अगं, परीक्षा सुरू झाली तवा मी दिसंना, म्हनून बाई तळावर आल्या न्हाईत का? तीन एसट्या बदलून. आमी कोपीत राहायचो, ऊसतोडीची पाचटाची खोपटं. बाई कोपीच्या तोंडाशी खाली बसल्या, पिशवीतनं तुझा कागद काढला, लाल पेन काढलं. म्हनल्या, हे तू पाहिलं हुतंस का? मी म्हनलं, न्हाई. मग म्हनल्या, चूक माझी हाय, लताची न्हाई. मी खात्री करायची हुती. आता खोड."

"मग?"

"मंग काय, समदं खोडलं. बापाला वाटलं, मास्तरीनबाई अंगठे घ्यायला आल्यात. त्यो म्हनला, बाई, कुठं अंगठा लावू?"

मी विचारले, "माझ्यामुळं परीक्षेला बसली नाहीस ना?"

मुक्ताने एक पातेले उचलून दुसऱ्यावर ठेवले. "खरं सांगू का? आईच्या हाताला कोयता लागला हुता. बाप म्हनत हुता, येक मानूस कमी पडतंय, परीक्षा फुडं दे. माझं ठरत नव्हतं. तू वाचलंस, समदे हासले, आन् ठरलं. आईसाठी गेले असते तर बरं वाटलं असतं गं. मी तोंड लपवायला गेले. येवढाच फरक हाय. पर हाय."

मी माफी मागितली. ती "बरं" म्हणाली. त्या 'बरं'चा अर्थ मी अजून लावते आहे, आणि मला सोयीचा तोच अर्थ लावू नये याची काळजी घेते आहे.

पुढचे तिनेच सांगितले. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मंडळी गावी परततात. तेव्हापासून ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत बाई दर रविवारी तिच्या घरी जाऊन शिकवत. फॉर्म त्यांनीच भरला. गणित त्यांना येत नसे, म्हणून आदल्या दिवशी गणिताच्या सरांकडून स्वतः शिकून येत आणि तरीही चुकत. "मी बाईंचं गनित तपासायची," मुक्ता म्हणाली. ऑक्टोबरात ती पास झाली. त्या दहावीवर तिला अंगणवाडी मिळाली. या रविवारांविषयी बाई कुणाकडे बोलल्याचे मी ऐकलेले नाही. म्हणजे जूनमध्ये त्यांनी रोजनिशी माझ्या हातात ठेवली, तेव्हा त्यांना सगळे ठाऊक होते. तो सल्ला कशासाठी होता, हे मला पातेल्यांच्या शेजारी बसून कळले.

मी मुक्ताला म्हटले, "बाईंविषयी काही लिहायचं असेल तर सांग."

"चुकीचं बी चालंल?"

"चालेल."

"मंग लिही. बाईंनी वळखी बंद केल्या ते मला आजाबात आवडलं न्हाई. माझ्यामागनं दोन वरसांनी माझा भाऊ दहावीला आला. म्हनला, आक्के, तुला निदान वाईट तरी मिळाली, मला कायच न्हाई. चूक लताची, खोडलं मी, आन् शिक्षा त्याला?"

मग ती उठली आणि कपाटातून एक वही घेऊन आली. अंगणवाडीतून दरवर्षी मे महिन्यात जी मुले पहिलीत जातात, त्यांच्या ओळखी तिने लिहिल्या होत्या. प्रत्येक मुलाच्या चार ओळी, कित्येक वर्षांच्या. एक मी उतरवून आणली आहे, त्यातली मावशी म्हणजे मुक्ताच: "ओमला खिचडी आवडत नाही. शेजारच्याच्या ताटातली आवडते. तो मावशीला म्हणतो, तुमी घरी जावा, मी पोरं सांभाळतो. मावशी एक दिवस खरंच जाणार आहे."

पानोपानी लाल रेघा होत्या. मी विचारले, "सहा वर्षांचं पोर काय खोडणार?"

"वाचून दावते. ज्या वळीला तोंड वाकडं करंल, ती आपन खोडायची. येक जन हाय, त्याला स्वतःचं नावच आवडत न्हाई. त्याचं नाव खोडलंय."

"बाईंना माहीत आहे हे?"

"कशाला सांगू? बंद केलं हुतं ना त्यांनी. रागावतील."

मी आणलेला लेख तिने बसून वाचला. दोन ओळी खोडल्या. त्या इथे नाहीत. उसाची ओळ मीच काढायला निघाले, तर तिने कागद ओढून घेतला. "ती ऱ्हाऊ दे. ती काढल्यावर बाई तीन एसट्या बदलून कशापायी आल्या, ते कुनाला कळंल?" दुपारचे बोलणे मी घरी येऊन लिहिले आणि तिला फोनवर सगळे वाचून दाखवले. त्यातले तिने काही खोडायला सांगितले नाही.

बाई, हे सगळे आपण या ग्रंथातच पहिल्यांदा वाचाल. मी आपल्याशी खोटे बोलले होते. आपण ते जाणून होतात, आणि दोष स्वतःकडे घेऊन आपण आपले सर्वांत लाडके काम बंद केलेत. आपण चुकलात असे मुक्ता म्हणते, आणि मी तिच्या बाजूची आहे. पण आपले ते काम बंद पडलेले नाही. कर्जतच्या अलीकडे, एका खोलीच्या अंगणवाडीत, ते दोन्ही नियमांसह चालू आहे. ज्याच्यावर लिहायचे त्याच्या घरी मुक्ता आधी जाऊन येते. हे मी विचारून घेतले.

येत्या मेमध्ये अकरा जण पहिलीत जाणार आहेत. मुक्ताने आपल्याला बोलावले आहे आणि निरोप दिला आहे, "गुडघ्यांचं सांगतील तर म्हनावं, पायरी येकच हाय, ती बी बुटकी." बाई, शंभर वर्षांचे आयुष्य आपल्यासाठी या ग्रंथातले सगळेच मागतील, आणि त्यात माझाही आवाज आहे. शिवाय मी एवढे मागते, की दरवर्षी मे महिन्यात कर्जतच्या गाडीत चढता येईल इतके बळ आपल्या पायांत पुष्कळ वर्षे राहो, खिडकीकडची जागा मिळो, आणि यंदा आपल्या शेजारच्या जागेवर आपण मला बसू द्यावे.