पलीकडचीचे दोन थेंब

फोन जरा कानाजवळ धर गं, मला मोठ्यानं बोलता येत नाही, भिंतीपलीकडंच ती आहे. आणि दोन महिन्यांनी मावशी आठवते व्हय तुला?

तर ही पलीकडची. वीस वर्षं आम्ही दोघी दुपारी एका ताटात कडक भाकरी आणि शेंगा चटणी खातो. गुडघे दुखतात म्हणून तिच्या लेकानं वैद्याच्या चिठ्ठीवर भांगेच्या झाडाचं तेल आणलं. नशा नाही त्याची. जीभ उचलून दोन थेंब टाकते, डोळे मिटून, तीर्थ घेतल्यासारखी. गुडघ्यांचं काय झालं कुणास ठाऊक, भूक मात्र गेली. कंबर बघ तिची! लग्नातली पोलकी बाहेर काढलीत आणि मलाच विचारते, "वैनी, बाही सैल होतीया का वो?" मुद्दाम की!

"मलाबी दे दोन थेंब," म्हटलं, तर बाटली कपाटात. "तुमच्या शुगरच्या गोळ्या चालू हायत. डॉक्टरला इचारा आदी." लई जळले मी.

काल तिनं भाकरी मोडली आणि स्वतःचा वाटाही माझ्याकडं सरकवला. मी दोघींचं खाल्लं. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "कसं चवीनं खाताय वो तुमी! मला भूकच लागंना." तिचा आवाज अगदी माझ्यासारखा जळका होता.

आता तिच्यासमोर घास उतरत नाही गं. रविवारी सपाटून भूक घेऊन ये. तुला चवीनं खाताना बघून ती दोन घास खाईल, आणि मलाही बरं वाटेल. तिच्या भुकेसाठी की तिच्या कंबरेसाठी ते विचारू नकोस, ये लवकर.