मेलेल्यांचा पाणक्या

पेतेमिनला जेमे गावात सगळे मेलेल्यांचा पाणक्या म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि तो हसायचा. दर दहा दिवसांनी खांद्यावर घागर घेऊन तो डोंगरातल्या थडग्यांकडे जाई, एकेका दारापाशी पाणी ओती आणि आतल्याला त्याच्या आईच्या नावासकट हाक मारी. एकशे बारा नावं त्याला तोंडपाठ होती. जिवंत माणसांची मात्र हटकून गल्लत करायचा. माझ्या बायकोला त्याने सात वर्षं तिच्या थोरल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. आमच्याकडे हाक आणि पाणी मिळतंय तोवर मेलेला माणूस टिकतो. ते थांबलं की तो दुसऱ्यांदा मरतो, आणि त्या मरणाला औषध नाही.

मी घाटावर बसून लोकांची पत्रं लिहितो आणि वाचून दाखवतो. पत्रं ग्रीक भाषेत असतात आणि ती येणारा नदीच्या आमच्या काठावर मी एकटाच, त्यामुळे कोणाच्या घरात काय शिजतंय हे मला त्या घरच्यांच्या आधी कळतं.

पेतेमिनचा एकुलता एक मुलगा हारपेस विसाव्या वर्षी रोमच्या आरमारात गेला. त्यांच्या खाशा पलटणींत आमच्या लोकांना घेत नाहीत. वल्ही मारायला मात्र आम्ही चालतो. सव्वीस वर्षांची नोकरी. भरती होताच त्याचं नाव बदलून लुकिउस सेवेरुस केलं. दर थंडीत हीच रोमची मंडळी होड्या भरभरून इथे येतात, पहाटे ऊन पडताच आपोआप आवाज करणारी आमची दगडी मूर्ती ऐकतात आणि तिच्या पायावर आपापली नावं कोरून जातात. स्वतःच्या नावाची एवढी हौस असलेल्यांनी दुसऱ्याच्या पोराचं नाव काढून घ्यावं, याचा मला अजून राग येतो.

पेतेमिनला राग नव्हता. "सव्वीस वर्षं काय, बघता बघता जातील," तो म्हणायचा. "परत आला की घागर त्याच्या खांद्यावर. मग मी मरायला मोकळा."

त्याला हवं होतं ते एवढंच. आपल्यामागे मुलाने थडग्यापाशी यावं, पाणी ओतावं, "सेनखोनचा मुलगा पेतेमिन" अशी हाक द्यावी. बायको तासेन आधीच तिथे होती. तिच्या एका बाजूची जागा त्याने स्वतःसाठी झाडून ठेवली होती, दुसऱ्या बाजूची हारपेससाठी. नोकरीचं शेवटचं वर्ष उरलं तेव्हा पुतण्या आला. "काका, गुडघे गेलेत तुमचे. द्या ही थडगी मला, मी सांभाळतो."

"हारपेस येतोय," पेतेमिन म्हणाला.

पुतण्या चिडून नदीपलीकडे गेला आणि विटा पाडायला लागला.

पत्र आलं ते पूर उतरल्यावर, भर दुपारी. पेतेमिन हातात भाकरी-कांदा घेऊन माझ्यासमोर उकिडवा बसला.

"वाच लवकर, पामोन्था. कधी निघतोय तेवढं सांग."

पत्र हारपेसचं नव्हतं, जहाजावरच्या त्याच्या सोबत्याचं होतं. पहिल्याच ओळीत मला कळलं. तिथेच थांबायला हवं होतं. 'दादा, पोरगा गेला' एवढं सांगून पत्राची घडी घालायला हवी होती. पण चाळीस वर्षांची खोड. शब्द न् शब्द मोठ्याने वाचायचा, एक अक्षर गाळायचं नाही, याचाच मला गर्व. मी वाचत सुटलो. लुकिउस सेवेरुस तापाने गेला. आम्ही त्याला काही उणं पडू दिलं नाही. चांगलं सुकं लाकूड आणलं. सगळे हजर होते. नीट जळला. राखेवर मद्य शिंपडलं. तुम्ही काळजी करू नये.

'जळला' म्हणून झालं आणि मग मला ऐकू आलं मी काय म्हणालो ते.

आमच्याकडे माणूस जाळत नाहीत. दरोडेखोरालाही नाही. देहच उरला नाही तर हाक ऐकणार कोण, पाणी पिणार कोण? त्या भल्या माणसांनी प्रेमाने, पदरमोड करून हारपेसला असा नाहीसा केला होता की देवांनाही तो सापडला नसता.

पेतेमिनने भाकरी खाली ठेवली. "परत वाच."

"दादा, नको."

"लाकडाचं वाच."

मी वाचलं.

"सगळा? हाड वगैरे काही..."

"राख म्हणतोय."

"आपल्यातलं एकही पोर नव्हतं जहाजावर? कोणी सांगितलं नाही त्यांना?"

"त्यांची हीच रीत आहे, दादा. मान म्हणून करतात."

"मान," तो म्हणाला आणि भाकरी तिथेच टाकून उठला.

पुढच्या दहाव्या दिवशी घागर उचलायला मीही बरोबर गेलो. एकशे बारा हाका त्याने नीट मारल्या. मग हारपेससाठी झाडलेल्या जागेपाशी उभा राहिला, घागर तिरपी केली आणि थेंबही न सांडता सरळ केली. "कोणासाठी?" एवढंच म्हणाला.

वर्ष सरायच्या आत त्याने अंथरूण धरलं. मी उशाशी होतो.

"तुझ्यामागे पाणी मी घालीन, दादा. आईच्या नावासकट. एक दिवस चुकवणार नाही."

"नको घालू. मला जाळ."

"काय बरळतोस!"

"शुद्धीत आहे मी. मी तिथे, तासेन तिथे, आणि पोरगा कुठेच नाही. ती विचारेल, कुठंय? काय सांगू तिला? त्याच्यासारखंच मलाही नाहीसं कर. परसात खजुरीच्या झावळ्यांचा ढीग आहे. कोरड्या आहेत."

"माझ्याच्याने नाही व्हायचं."

"पत्र तूच वाचलंस ना?"

मी हो म्हणालो. हात धरून म्हणालो.

तो गेला त्या दिवशी मी परसात जाऊन झावळ्यांपुढे उभा राहिलो. गावाने मला दगडांनी ठेचलं असतं, पण गावाची भीती नव्हती. माणूस जाळायलाच मी भ्यालो. सत्तर दिवस खारात ठेवून, कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळून, त्याला आम्ही तासेनच्या शेजारी नेऊन ठेवला. लोक म्हणाले, पामोन्थाने सख्ख्या भावासारखं केलं.

आता घागर मी नेतो. एकशे बारांपैकी मला तीसेक नावं येतात. बाकीची त्याच्याबरोबरच गेली. तासेनला पाणी घालतो. मग त्याला. न घालावं तर त्याला मीच मारल्यासारखं होईल, म्हणून घालतो. "सेनखोनचा मुलगा पेतेमिन," अशी हाक मारतो, आणि ती पोहोचते याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. माझ्या हाकेने तो दर दहा दिवसांनी जागा होत असणार, आणि तासेन त्याला मुलाचं विचारत असणार.