सुबोध आणि प्रेमलाचे रविवार

सुबोध रणपिसे आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच होते. रेल्वेत सिग्नलच्या कामावर नोकरी. रविवारी मात्र देवळाच्या दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला ते "सलाम" करायचे. त्यांची बायको प्रेमला शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कॉलर लावायची आणि उपासनेत सगळ्यांच्या वर आवाज काढून गायची. एकच मुलगी, सुवार्ता. नर्सिंग शिकत होती. ती डेंग्यूने गेली.

ती दवाखान्यात होती तेव्हा मंडळी प्रार्थनेला बसली होती. दफन झाल्यावर बाहेरगावचे एक प्रचारक सांत्वनाला घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, "आईचा विश्वास कुठंतरी कमी पडला असेल, बाई. एकदा तपासून बघा."

प्रेमलाने त्यांच्या हातातला कप काढून घेतला. "उठा," एवढंच म्हणाली.

त्या रविवारी ती देवळात जायला निघाली नाही. "तुम्ही जा. मी अडवत नाही," असं नवऱ्याला सांगून कांदे चिरायला बसली. सुबोध इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सात रस्त्याच्या चौकापर्यंत गेले आणि परत आले. बूट काढले, तिच्यासमोर खाली बसले.

"काय झालं? परत का आलात?"

"तू इथं अशी, आणि मी तिथं गाणी म्हणू?"

त्या दिवसापासून ते देवळात आले नाहीत. पंचपद सोडलं. मंडळीतली माणसं समजवायला गेली, मीही त्यात होते. कुणीतरी बोलून गेलं, "बायकोपायी देवाला सोडलंत का, सुबोधभाऊ?"

ते चिडले नाहीत. "देवाला कुठं सोडलंय? पण त्याच्यासमोरच हिचा हात धरलाय. हिला मागं टाकून त्याच्याकडं जाऊ कसा?"

आत प्रेमला हे ऐकत होती. बाहेर मात्र आली नाही.

पुढची वर्षं सुखाची गेली असं म्हणता येणार नाही. प्रेमला कामावरून यायची, भाकऱ्या थापायची, कधी कधी आठवडा आठवडा बोलायची नाही. सुबोध पहाटे मागच्या पायरीवर बसून हळू आवाजात प्रार्थना करायचे. तिला "चल" म्हणून त्यांनी कधी म्हटलं नाही. एका नाताळला गल्लीतून गाणी म्हणत पोरं गेली, तेव्हा ते न्हाणीत शिरले. रडणं ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला. पण सोलापूरचं पाणी, रोज न येणारं. त्या दिवशी नळ कोरडा होता. तिला सगळं ऐकू आलं.

"का रडता म्हणून विचारलं असतं तर त्यांना देवळात घेऊन जावं लागलं असतं," ती मला पुढे एकदा म्हणाली. "म्हणून नाही विचारलं."

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत सुबोधना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. प्रेमलाने काम सोडलं. कूस बदलणं, अंग पुसणं, पातळ भात भरवणं, सगळं तिचंच. शेजारची निंगव्वा अक्कलकोटकडची. ती उचलायला हात लावायची. एकदा तिने प्रेमलाला बाजूला घेतलं. "भैनी, भाऊ रैवारी सकाळी त्या पांढऱ्या शर्टाकडं बगत्यात. बगितलं का तुमी?"

प्रेमलाने बघितलं होतं. पुढच्या रविवारी ती पलंगाजवळ बसली. "देवळात जायचंय?"

सुबोधनी डोकं हलवलं. नाही.

"खरं सांगा."

पुन्हा नाही. डोळ्यांतून मात्र पाणी वाहायला लागलं.

"माझ्यासाठी नको म्हणता ना? बोलता येत नाही तरी हट्ट तोच!" ती ओरडलीच. मग उठून तिने त्यांना पांढरा शर्ट घातला. निंगव्वाचा दीर रुद्रप्पा रिक्षा चालवायचा. त्याने सुबोधना उचलून रिक्षात बसवलं, चाकाची खुर्ची मागे बांधली.

इतक्या वर्षांनी ती दोघं दारात दिसली तेव्हा आमचं गाणं मध्येच विस्कटलं. प्रेमला कुणाकडे न बघता खुर्ची ढकलत पुढे आली आणि त्यांच्याशेजारी बसली. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांची डोकी खाली, तिचं तेवढं ताठ. त्या दिवशी प्रभुभोजन होतं, विश्वास असेल त्यानेच घ्यायचं. मंडळीचे पाळकसाहेब भाकरी आणि प्याला घेऊन खुर्चीपाशी आले. आधी त्यांनी प्रेमलाकडे बघितलं. तिने मान हलवून नको म्हटलं. मग भाकरीचा तुकडा द्राक्षरसात भिजवून तिने सुबोधच्या तोंडाजवळ नेला. त्यांनी तोंड मिटूनच घेतलं. नजर तिच्यावर.

"मी घेणार नाही," ती म्हणाली. आवाज हळू होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मला ते जमणार नाही. पण मी इथंच आहे, कुठं जात नाही. तुम्ही घ्या."

पाळकसाहेब हातात प्याला धरून तसेच थांबले. शेवटी सुबोधनी तोंड उघडलं. ओघळलेला रस तिने पदराने पुसला.

त्यानंतर दर रविवारी ती त्यांना घेऊन आली. उन्हात, पावसात. गाणं कधी म्हटलं नाही, हात कधी जोडले नाहीत. आम्हाला वाटायचं, हळूहळू विरघळेल. तसं काही झालं नाही.

मे महिन्यात, ऊन भाजून काढत होतं तेव्हा, सुबोध गेले. सुवार्ताजवळ जागा नव्हती, त्यांना दूरच्या कोपऱ्यात पुरावं लागलं. सगळं आटोपल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "प्रेमलाबाई, तुमची जागा आम्ही राखून ठेवू. येत राहा."

"मी त्यांना आणायला येत होते," ती म्हणाली. "आता कुणाला आणू?"

 

आता ती घरी बसून ब्लाउज शिवते. परवा उपासना सुटल्यावर मी गेले होते. दार उघडंच होतं. तिने मशीन थांबवलं, मला पाणी दिलं आणि समोर बसली. मग तिने विचारलं, "आज गाणी कोणती झाली?"

मी सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि सुईत दोरा ओवायला लागली. दोरा काही केल्या ओवला जाईना, तेव्हा सुई माझ्याकडे दिली.