व्हीसीआर प्रोजेक्टरला जोडला तेव्हा

पुण्याहून मुलीने प्रोजेक्टर पाठवला, त्याला आता वर्ष होईल. खोकं उघडत होतो तेव्हा बायकोने नुसत्या हातानेच विचारलं, हे काय? चार वर्षांपूर्वी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. उरला तो घोगरा, फाटका. तेव्हापासून ती कामापुरतं बोलायची, बाकीचं हातवाऱ्यांवर भागवायची. मुलीचा फोन आला तरी माझ्याच हातात द्यायची.

मी भवानी पेठेतला, पुण्यातल्या नव्हे, आमच्या गावच्या. वीस वर्षं लग्नांचं व्हिडिओ शूटिंग केलं. तेव्हाचा कॅमेरा खांद्यावर घ्यायचा, चांगला जड, अख्खी कॅसेट त्याच्या पोटात मावायची. लग्न आटोपून घरी आलो की दोन व्हीसीआर शेजारी शेजारी मांडायचे, एकाच्या मागची पिवळी-पांढरी पिन दुसऱ्याला जोडायची आणि नको तो भाग गाळून गिऱ्हाइकाची कॅसेट तयार करायची. मूळ कॅसेटी मात्र मी कधी पुसल्या नाहीत. दोन ट्रंका भरून त्या पलंगाखाली पडून होत्या.

"बाबा, भिंतीएवढं क्रिकेट बघा आता," मुलगी म्हणाली होती. क्रिकेट बघितलं दोन दिवस. पण डोक्यात त्या ट्रंका घोळत होत्या. प्रोजेक्टरच्या मागे केबल लावायला एकच जागा, आणि मला जोडायच्या होत्या चार वस्तू: सेट-टॉप बॉक्स, मुलीने दिलेली इंटरनेटची काडी, डीव्हीडी प्लेयर आणि माझा जुना व्हीसीआर. त्यात व्हीसीआरच्या पिना प्रोजेक्टरच्या ओळखीच्याच नव्हत्या.

शेवटी जुन्या दोस्ताला बोलावलं. त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आता मुलं मोबाइल विकतात आणि हा घरी बसून कंटाळतो. शुक्रवारची नमाज आटोपून तो पिशवीभर हत्यारं घेऊन हजर झाला. आधी व्हीसीआर उघडला. आतला रबरी पट्टा वितळून चिकट झाला होता. तो बदलला, टेप वाचणारं हेड स्पिरिटने पुसलं. मग चारही वस्तूंच्या वायरी एका छोट्या स्विचबॉक्समध्ये आणल्या आणि तिथून एकच लांब केबल प्रोजेक्टरला. बटण दाबलं की कधी हे, कधी ते. प्रोजेक्टरचा आवाज मच्छरासारखा, म्हणून त्याला माझा जुना अॅम्प्लिफायर जोडला.

सेट-टॉप बॉक्स लागला, काडी लागली, डीव्हीडी लागली. व्हीसीआरच्या वेळी भिंत निळीशार. जुन्या सिग्नलचं नवं करणारी एक डबी मी मुद्दाम बाजारातून आणली होती, ती मधे लावली होती, तरीही. अर्धा तास आम्ही दोघं पिना उलटसुलट करत घामाघूम झालो. मग त्याने चष्मा पुसून डबीवरची बारीक अक्षरं वाचली आणि कपाळाला हात लावला.

"ये डब्बी उल्टी है रे! ये नये का पुराना करती. हमना पुराने का नया होना."

दोन्ही डब्या दिसायला सख्ख्या बहिणी. मी भर उन्हात जाऊन ती बदलून आणली.

मे महिन्यातली दुपार होती, खोलीत लख्ख उजेड. तिन्ही खिडक्यांवर चादरी टांगल्या, तेव्हा कुठे भिंतीवर काही दिसायला लागलं. हाताला लागेल ती कॅसेट मी आत सरकवली. आधी पांढरे पट्टे, मग लाल-पिवळा मांडव. कानडी सीमेवरच्या दुधनी गावातलं लग्न. रंग थोडे उतरले होते, पण माणसं ओळखू येत होती. आणि अॅम्प्लिफायरमधून खणखणीत आवाज आला:

"अज्जी, इल्ली नोड्री! इकडं बघा! हां, अस्सं हसायचं! आवो काका, तुमी जरा बाजूला सरका की, नवरी दिसंना झालीय!"

दोस्ताने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. दारात बायको चहाचे कप घेऊन उभी होती.

"भाभी, ये तो तुमारी आवाज!"

तिचीच होती. सुरुवातीला हॅलोजनचा दिवा धरायला माणूस टिकत नव्हता, तेव्हा ती म्हणाली, "मी धरते की." बाई मांडवात दिवा घेऊन उभी, लोक बघत राहायचे. पण तिचं माहेर त्या सीमेवरचं, कानडी तिच्या जिभेवर. कॅमेरा दिसला की पदरात तोंड लपवणाऱ्या म्हाताऱ्या तिच्या एका वाक्याने हसून समोर बघायच्या. माझ्या कॅसेटीत माणसं हसरी दिसतात, असं लोक म्हणायचे. ती कला माझी नव्हती.

तिने कप खाली ठेवले आणि हाताने खूण केली, बंद करा. मी बंद केलं. ती आत गेली. दोस्ताने चहा घेतला, हत्यारं आवरली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला.

बऱ्याच वेळाने ती बाहेर येऊन बसली. म्हणाली, "लोकांना दिलेल्या कॅसेटीत हे नव्हतं. तिथं नुसती सनई असायची."

मी सांगितलं. पहिल्याच दोन-तीन गिऱ्हाइकांनी तक्रार केली होती, मधे मधे बाईचा आवाज नको. मी तिच्या बोलण्यावर सनई चढवली. मग ती सवयच झाली.

"सगळ्यांच्याच?"

"सगळ्यांच्या."

"मला वाटायचं, कॅमेऱ्याला माझा आवाज पोचतच नाही."

वीस वर्षं ती माझ्या शेजारी हातभर अंतरावर उभी होती. दिव्याच्या झळीने तिचा उजवा गाल लाल व्हायचा. आणि घरी येऊन मी तिलाच पुसत होतो, तेही तिला न सांगता. चुकलं, एवढं म्हणालो. तिने खिडकीवरची सुटलेली चादर नीट खोचली आणि म्हणाली, "लावा परत."

ती कॅसेट आम्ही शेवटपर्यंत बघितली. स्वतःचं बोलणं ऐकून मधेच ती हसली, "कित्ती बडबडत होते हो मी." तिचं हसणं तेवढं तसंच राहिलंय, हे मला त्या दुपारी कळलं.

नंतरच्या दिवसांत आम्ही एकेक कॅसेट काढली. काहींवर बुरशी होती, त्या गेल्या. उरलेल्यांची यादी तिने वहीत केली, कुणाचं लग्न, कुठल्या गावचं. मग त्या त्या घरी, तुमचं लग्न बघायला या म्हणून, तिनेच फोन लावायला घेतले. पलीकडच्याला आवाज ओळखू यायचा नाही. ती न लाजता सांगायची, "लाइट धरणारी बोलतेय, आवाज बसलाय माझा." की पलीकडे एकदम ओळख पटायची.

कुंभारीहून एक बाई आली, सुनेला घेऊन. त्या बाईच्या स्वतःच्या लग्नाच्या कॅसेटीला केव्हाच वाळवी लागली होती. चादरी टांगलेल्या खोलीत ती स्वतःची वरात बघत बसली, आणि माझी बायको त्या घोगऱ्या आवाजात तिच्या सुनेला एकेक माणूस दाखवत होती, हा तुझा सासरा, ही आत्या, ही बघ किती लाजतेय. मी स्विचबॉक्सपाशी बसून होतो. अॅम्प्लिफायरमधून बायकोचा तेव्हाचा आवाज येत होता, तो थोडा वाढवला.