चूल, धूर आणि माझा अहवाल

मंडळी, कचेरीच्या फळ्यावर आज नेहमीसारखं आपल्या रस्त्याच्या कामाचं नाही, माझ्या घरच्या चुलीचं लिहितोय.

निजाम सरकारला पाठवायचा घरोघरच्या चुलीच्या धुराविषयीचा अहवाल मी सकाळी बायकोला वाचून दाखवला. डोळे पुसत ती म्हणाली, "समदं बराबर. पण म्या काय करू?"

"चूल खिडकीखाली सरकव."

"अन् दक्षिणेकडं तोंड करून सैपाक करू? न्हाई जमायचं."

चिडून मी पहार उचलली. चूल होती तिथंच ठेवली आणि तिच्या मागच्या भिंतीला वर भोक पाडलं. धूर गुमान बाहेर गेला.

भाकरी थापत ती हसली. "वाचा आता तुमचा अहवाल. डोळे उघडे ठेवून ऐकते."

भोक कुठं पाडायचं, हे त्यात लिहिलंच नव्हतं. तुमच्या अहवालात असतं का?