टँकर न थांबवता सॉफ्टवेअर बदललं!

मंगळवारी दुपारी उदगीरच्या टँकर केंद्रावरचं जुनं सॉफ्टवेअर कायमचं बंद केलं... आणि बाहेर कुणाला पत्ताही लागला नाही. उदगीर वेगळा जिल्हा कधी होणार यावर पाण्याच्या रांगेत नेहमीसारखं भांडण चालू होतं. एक काका वैतागून म्हणाले, "जिल्हा कवा बी होऊ द्या, आधी पाईप सोडा!"

दुष्काळामुळे आमच्या कितीतरी गल्ल्या टँकरच्याच भरवशावर आहेत. गल्लीत आधी कुणाला पाणी द्यायचं, याची यादी रोज कॉम्प्युटरवर निघते. जुनं सॉफ्टवेअर सारखं अडकायचं... आणि ते अडकलं की भरलेला टँकर दारात उभा!

ते बदलायचं काम माझ्याकडे आलं. मी रेडिओ दुरुस्तीतून वर आलेला, बारावी नापास माणूस. केंद्र सांभाळणाऱ्या शैलाताईंनी आधीच बजावलं, "भाऊ, नवं काय बी आणा. पण एक दिवस बंद ठेवलाव तर लोक मला घागरीनं हाणतेत."

म्हणून जुनं तसंच चालू ठेवलं आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर नवं, जुन्यात टाइप केलेलीच नावं उचलणारं. टँकर जुन्या यादीनं जायचे, मी रोज दोन्ही याद्या ताडून बघायचो. नावं तीच, पण जुन्या यादीत काही नावं उगीच वर दिसायची. मी म्हटलं, जुन्याचीच चूक... आणि खुशीत राहिलो.

रेडिओनं माझे कान मात्र तयार केलेत. चौथ्या दिवशी ऐकलं... काही नावं टाइप करण्याआधी शैलाताई स्पेसबार दोनदा दाबतात. खट्, खट्.

"काय ऐकायलाव हो भाऊ?"

"ताई, नावाआधी जागा कशाला सोडायलाव?"

"त्या घरी बाळंतीण हाय. जागा सोडली की नाव वर येतंय. टँकर रिकामा व्हायच्या आत पाणी मिळतंय."

अंथरुणाला खिळलेल्यांसाठीही तेच. जुन्यात तशी सोयच नव्हती. यादी अक्षरवार लागायची आणि रिकामी जागा 'अ'च्याही आधी धरली जायची... ही युक्ती बाईंनी स्वतः शोधून काढलेली! आणि माझं नवं सॉफ्टवेअर या जादा जागा कचरा समजून पुसत होतं. त्याच भरवशावर टँकर सोडले असते तर...

मग नव्यात 'आधी पाणी' असा टिक करायचा वेगळा चौकोन केला. जागा सोडलेलं प्रत्येक नाव त्यात बसवलं. याद्या तंतोतंत जुळल्यावर एकेक गल्ली नव्यावर नेली, जुनं हाताशी ठेवूनच. मंगळवारी शेवटची गल्ली झाली. एकही टँकर थांबला नाही. छाती फुगली, खोटं कशाला बोलू!

शैलाताई आता चौकोनात टिक करतात... पण बोटांची सवय जात नाही, खट् खट् वाजतंच. वाजू दे. तो आवाज ऐकला नसता, तर आज ही पोस्ट लिहायला मला तोंड नसतं. ताई, आभार!